चिखलातल्या जिवाणूचे बारसे

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी बघता बघता गुलाबी झाले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत सरोवराची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि तर्कवितर्कांना ऊत आला. विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. वन विभागाने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने उत्तर दिले. पाऊस नाही, कडक ऊन, त्यामुळे पाणी आटले, खारटपणा वाढला आणि अशा पाण्यातच फोफावणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव एकदम वाढले. त्यांच्या पेशींतल्या गुलाबी रंगद्रव्याने सगळे सरोवर रंगले. पुढे हे जीव तळाशी बसू लागले तसा रंगही ओसरला.

हे सूक्ष्मजीव नवे नव्हते, त्यांचा गट विज्ञानाला आधीपासून ठाऊक होता. मात्र याच सरोवराच्या पाण्यातून त्यापूर्वी खरोखरच नवे जिवाणू हाती लागले होते. हैदराबादच्या ‘सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ म्हणजे सीसीएमबीतील एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लोणारच्या पाण्यातील दोन आणि २०१२ मध्ये आणखी एक जिवाणू जगापुढे मांडला. इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस, नायट्रिटालिया हॅलाल्कॅलिफिला आणि सेसेम्बिया लोनारेन्सिस अशी त्यांची नावे. तिन्ही केवळ नव्या प्रजाती नव्हत्या. त्यांच्यासाठी तीन नवे वंशही निर्माण करावे लागले. त्यांनी पाण्याचा रंग बदलला नाही, त्यामुळे सरोवराच्या काठावर उभे राहणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागला नसता.

लोणारच्या चमचाभर पाण्यात लाखो सूक्ष्मजीव असतात. त्यांतला एखादा आजवर कुणीच नोंदवलेला नाही, हे ठरवायचे कसे? ते कोण ठरवते? आणि ठरवून साधते काय?

चिखलातले मजले

नवे जिवाणू शोधणारे संशोधक पाणथळ जागांकडे वळतात, त्याला कारण आहे. तळी, दलदली, खाड्या, खाजणे, भातखाचरे या सगळ्या जागांत माती आणि पाणी दीर्घकाळ एकत्र असतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत फार सावकाश पसरतो. त्यामुळे चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच तो संपतो आणि त्याखाली वेगळे जग सुरू होते.

हे जग मजल्यामजल्यांचे आहे. सर्वांत वर ऑक्सिजन वापरणारे जिवाणू राहतात. त्याखाली नायट्रेटवर श्वसन करणारे, मग लोहावर, मग सल्फेटवर. खाजणातला काळा चिखल उकरला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो या सल्फेट वापरणाऱ्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. सगळ्यात तळाशी, जिथे यांपैकी काहीच उरत नाही, तिथे मिथेन तयार करणारे आर्किया काम करतात. तळ्यात काठी खुपसल्यावर वर येणाऱ्या बुडबुड्यांत बहुतांशी तोच वायू असतो.

मिथेन वर येऊ लागला की वाटेत त्याला खाणारे जिवाणूही भेटतात. भातखाचरात तर त्यांची खास सोय असते. भाताच्या रोपात हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात. त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत उतरतो आणि काळ्या चिखलात प्रत्येक मुळाभोवती ऑक्सिजनचा पातळ वेढा तयार होतो. त्या वेढ्यात मिथेनभक्षी जिवाणू राहतात. एका बाजूने ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूने मिथेन, अशी त्यांची पंगत बसते.

थोडक्यात, पाणथळ जागेत बोटभर अंतरात परिस्थिती पार बदलते आणि प्रत्येक परिस्थितीला साजेसे जिवाणू असतात. लोणारसारख्या ठिकाणी तर त्यावर आणखी कडक अट आहे. तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे जवळपास साबणाच्या पाण्याइतका. बाहेरचा सामान्य जिवाणू तिथे टिकत नाही. जो टिकतो तो वेगळाच असण्याची शक्यता मोठी.

आज जगात रीतसर नाव मिळालेल्या जिवाणू आणि आर्कियांच्या प्रजाती वीस हजारांहून थोड्या अधिक आहेत. पृथ्वीवर एकूण किती असाव्यात, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. काहींचा अंदाज दहा-पंधरा लाखांचा, तर २०१६ मध्ये मांडलेला एक अंदाज सगळे सूक्ष्मजीव मिळून एक लाख कोटींपर्यंत जातो. कोणताही अंदाज धरला, तरी नोंदवहीत आलेले मूठभरच आहेत.

ताटात न वाढणारे

पहिली अडचण वाढवण्याची. जिवाणू ओळखायचा तर तो इतरांपासून वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवावा लागतो. त्याची मूळ युक्ती एका स्वयंपाकघरातून आली. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांना जिलेटिनचा त्रास होत होता. उन्हाळ्यात ते वितळे आणि काही जिवाणू ते खाऊनही टाकत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी समुद्रशेवाळापासून मिळणारे अगार सुचवले. जेली करण्यासाठी त्या ते वापरत. आपल्याकडे पुडिंगसाठी आणतात ते चायना ग्रास म्हणजे हेच. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत जिवाणू याच अगारच्या थाळीवर वाढवले जातात.

पद्धत साधी आहे. चिमूटभर चिखल निर्जंतुक पाण्यात मिसळायचा, ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट असे पातळ करत जायचे आणि थेंबभर थाळीवर पसरायचे. काही दिवसांत ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे साधारणपणे एका पेशीपासून झालेली वसाहत. त्यातला एक सुईने उचलायचा आणि पुन्हा नव्या थाळीवर रेघोट्या ओढायच्या. सगळे ठिपके एकसारखे दिसेपर्यंत हे करत राहायचे.

मात्र सूक्ष्मदर्शकाखाली जितक्या पेशी मोजता येतात, त्यांच्या मानाने थाळीवर उगवणाऱ्या फारच थोड्या. मातीच्या नमुन्यात हे प्रमाण कित्येकदा एक टक्काही नसते. बाकीच्या मेलेल्या नसतात. त्यांना जे हवे ते आपण वाढलेले नसते.

रशियाच्या उत्तरेकडील आणि पश्चिम सैबेरियातील आम्लधर्मी दलदलींची गोष्ट याबाबत बोलकी आहे. शेवाळाने भरलेल्या या दलदलींत मिथेन मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि त्याचा बराचसा भाग वर येताना खाल्लाही जातो, हे मोजमापांतून कळत होते. पण खाणारा काही हाती लागत नव्हता. मॉस्कोच्या विनोग्राडस्की संस्थेतील स्वेतलाना देदिश यांनी उलटा विचार केला. दलदलीचे पाणी जवळपास पावसाच्या पाण्याइतके क्षारविरहित आणि आंबट असते. मग प्रयोगशाळेतले क्षारांनी भरलेले द्रावण त्या जिवाणूला मानवेल कसे? त्यांनी अत्यंत पातळ, आम्लधर्मी द्रावण तयार केले आणि धीर धरला. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे जिवाणू मिळाल्याचे जाहीर केले. २००० मध्ये त्यांतील एकाला मिथायलोसेला पॅलस्ट्रिस असे नाव मिळाले. पॅलस्ट्रिस म्हणजे दलदलीत राहणारा.

पुढची गंमत अशी की या जिवाणूने पाठ्यपुस्तकातला एक समज मोडला. मिथेनभक्षी जिवाणू मिथेन आणि तत्सम एका कार्बनच्या संयुगांवरच जगतात, असे धरून चालत. २००५ मध्ये दिसून आले की मिथायलोसेला व्हिनेगरमधल्या अ‍ॅसिटेटवरही मजेत वाढतो. शिवाय मिथेनभक्षी शोधण्यासाठी जे जनुक खूण म्हणून वापरले जाई, ते त्याच्यात नव्हतेच. नुसते चिखलातले डीएनए चाळले असते, तर त्या खुणेच्या आधारे हा जिवाणू निसटला असता. हाती जिवंत पेशी होत्या म्हणून तो पकडला गेला.

रेषा कुठे ओढायची?

शुद्ध वसाहत मिळाली की दुसरा प्रश्न येतो, हा कोण? प्राण्यांच्या बाबतीत प्रजातीची ढोबळ व्याख्या आहे. जे आपापसांत संकर करून जननक्षम संतती देतात ते एका प्रजातीचे. जिवाणू दुभंगून वाढतात, त्यांना जोडीदार लागत नाही. उलट ते अगदी परक्या जिवाणूंकडूनही जनुके उसनी घेतात. त्यामुळे ही व्याख्या त्यांना लागू होत नाही.

सुरुवातीला आकार पाहिला जाई. फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये गोल, दांडीसारखे, नागमोडी असे गट पाडले. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांची रंग देण्याची पद्धत आली. ती आजही प्रत्येक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वापरली जाते. मग जिवाणू कोणती साखर खातो, किती तापमानाला वाढतो, किती मीठ सहन करतो, अशा चाचण्यांची भर पडली. पण दोन दांडीसारखे जिवाणू एकाच साखरेवर वाढतात म्हणून ते नातेवाईकच असतील, असे नाही.

खरे नाते दाखवणारी पट्टी कार्ल वूस यांना सापडली. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांतल्या एका भागाचे जनुक, ‘१६एस’, जिवाणूंत सुमारे दीड हजार अक्षरांचे असते आणि ते फार सावकाश बदलते. दोघांच्या या जनुकात जितका फरक जास्त, तितके त्यांचे पूर्वज आधी वेगळे झाले. याच प्रकारच्या तुलनेतून १९७७ मध्ये वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवले की जिवाणूंसारखे दिसणारे काही जीव जिवाणू नाहीतच. तेच आर्किया. लोणार गुलाबी करणारे याच शाखेतले.

आज नवा जिवाणू मिळाला की आधी त्याचे १६एस जनुक वाचले जाते आणि ज्ञात प्रजातींशी ताडून पाहिले जाते. साम्य साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल, तर जिवाणू नवा असण्याची दाट शक्यता. त्याहून जास्त असेल तर प्रश्न खुला राहतो आणि संपूर्ण जीनोम वाचावा लागतो. दोन जीनोमच्या समान भागांतले सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या वेगळ्या प्रजाती मानल्या जातात.

हा आकडा निसर्गाने दिलेला नाही, शास्त्रज्ञांनी ठरवलेला आहे. १९८७ मध्ये प्रयोगशाळेत दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांना किती चिकटतात हे पाहून ७० टक्क्यांची मर्यादा ठरली होती. तिच्याशी जुळेल असा जीनोमचा आकडा पुढे निवडला गेला. हीच पट्टी माणूस आणि चिंपांझीला लावली, तर दोघे एकाच प्रजातीत जातील. जिवाणूंची एक प्रजाती म्हणजे केवढे मोठे गाठोडे असते, याची त्यावरून कल्पना यावी.

एका साखरेचा फरक

हा सगळा खटाटोप केवळ यादी वाढवण्यासाठी नसतो. ही रेषा चुकली तर माणूस जिवाला मुकू शकतो. त्याचे उदाहरण भातखाचरातच आहे.

रंगून येथे अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये एका अनोळखी जीवघेण्या संसर्गाचे वर्णन केले. आज त्या रोगाला मेलिऑयडोसिस म्हणतात आणि त्याच्या जिवाणूला बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. तो ओल्या मातीत, भातखाचराच्या चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या जखमेतून, कधी श्वासातून तो शरीरात शिरतो. आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया यांबरोबर भारतातही हा आजार आहे. कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, तमिळनाडू, गोवा येथे त्याचे रुग्ण आढळले आहेत आणि पावसाळ्यात ते वाढतात. २०१६ मधील एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि सुमारे ८९ हजार दगावतात. मधुमेहींना धोका सर्वाधिक.

थायलंडच्या भातखाचरांतून संशोधकांना या जिवाणूचे जे नमुने मिळाले, त्यांत एक विसंगती होती. काही नमुने प्रयोगशाळेतील प्राण्यांना सहज मारत, काहींचा जवळपास काहीच परिणाम होत नसे. निरुपद्रवी गटात एक खूण सापडली. तो अरॅबिनोज नावाची साखर खाऊ शके, घातक गट खाऊ शकत नसे. १६एस जनुकाचे साम्य मात्र सुमारे ९९ टक्के, म्हणजे केवळ त्यावर जायचे तर दोघे एकच वाटावेत. डीएनएची आणखी तुलना झाल्यावर १९९८ मध्ये निरुपद्रवी गटाला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला, बर्कहोल्डेरिया थायलंडेन्सिस. संपूर्ण जीनोम हाती आल्यानंतर तो निर्णय योग्य असल्याचेही दिसले.

एकाच बांधाच्या आत, एकाच चिखलात राहणारे हे दोन शेजारी. एकाने सहसा माणसाला काही होत नाही, दुसऱ्याने रक्तात जंतुदोष होऊन काही दिवसांत मृत्यू येऊ शकतो. रुग्णालयातही ओळख पटणे तितकेच महत्त्वाचे आहे. हा आजार कधी क्षयासारखा दिसतो, कधी साध्या न्यूमोनियासारखा. थाळीवर उगवलेला जिवाणू ‘स्यूडोमोनासचा कुणी भाऊबंद’ किंवा बाहेरून मिसळलेला म्हणून बाजूला टाकला जाण्याची भीती असते. पेनिसिलिन, जेंटामायसिन यांसारखी नेहमीची औषधे त्याच्यावर सहसा चालत नाहीत. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेवाटे दहा-चौदा दिवस, गंभीर रुग्णाला त्याहून अधिक, आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात. नाव कळल्याशिवाय हे उपचार सुरूच होत नाहीत. मधुमेह असलेल्यांनी पायाला जखम असताना अनवाणी चिखलात उतरू नये, गमबूट वापरावेत आणि पावसाळ्यात ताप हटत नसेल तर शेतातल्या कामाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी, हे सांगण्याचे कारणही हेच.

बारशाचे नियम

जिवाणू नवा आहे हे पटले, तरी त्याला नाव देण्याची रीत ठरलेली आहे. पूर्वी एकाच जिवाणूला अनेक नावे असत आणि कित्येक नावांमागचा जिवाणू कुणाकडेच उरलेला नसे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १ जानेवारी १९८० ही तारीख नवी सुरुवात मानली गेली. हजारो जुन्या नावांची छाननी होऊन जेमतेम दोन-अडीच हजार मान्य यादीत राहिली. त्यानंतरचे प्रत्येक नाव एका ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते किंवा त्याच्या यादीत नोंदवले जावे लागते.

नाव दोन शब्दांचे, लॅटिन वळणाचे. पहिला शब्द वंशाचा, दुसरा प्रजातीचा. लोणारचे जिवाणू पाहा. ‘इंडिबॅक्टर’मध्ये भारत आहे, ‘अल्कॅलिफिलस’ म्हणजे अल्कधर्मी वातावरण आवडणारा. ‘सेसेम्बिया’ हे सीसीएमबी या आद्याक्षरांवरून घडवलेले, तर ‘लोनारेन्सिस’ म्हणजे लोणारचा. शास्त्राच्या नोंदवहीत बुलडाण्यातल्या एका तालुक्याच्या गावाचे नाव असे कायमचे गेले.

सर्वांत महत्त्वाची अट मात्र नावाची नाही, जिवंत नमुन्याची आहे. नव्या प्रजातीचा आदर्श वाण किमान दोन वेगवेगळ्या देशांतील संवर्धन संग्रहांत जमा करावा लागतो. जगातल्या कुणाही संशोधकाने मागितला तर तो मिळाला पाहिजे. कुणी दावा केला आणि तपासायला जिवाणूच नाही, असे पुन्हा होऊ नये म्हणून ही अट.

भारतात असे मोठे संग्रह आहेत. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संग्रह १९८६ पासूनचा. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेला संग्रह आता राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखला जातो. तिथे जिवाणू गोठवून, निर्वातात सुकवून काचेच्या बारीक कुप्यांत किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश तापमानाला ठेवलेले असतात. वर्षानुवर्षांनी कुपी फोडून पोषक द्रावणात टाकली की ते पुन्हा वाढू लागतात.

इथे भारतीय संशोधकांपुढे एक पेच येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार देशातली जैविक संपदा परदेशी देताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाळावे लागतात. आपल्या वनस्पतींवर आणि जिवाणूंवर इतरांनी परस्पर पेटंट घेऊ नये, हा त्यामागचा रास्त हेतू. पण आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो, नमुना कुणालाही विनाअट मिळायला हवा. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे, पण मधल्या मध्ये कागदपत्रांत महिने जातात आणि जिवाणूचे बारसे लांबते.

नाव मिळाले, पण अर्धे

काही जिवाणूंची अडचण त्याहून मूलभूत असते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांना पश्चिम भारतातील भाताच्या मुळांजवळच्या चिखलातून एक मिथेनभक्षी जिवाणू मिळाला. फिकट गुलाबी रंगाचा, नेहमीच्या जिवाणूंच्या मानाने चांगलाच मोठा आणि आकाराने काकडीसारखा. त्याचे नावही तसेच ठेवले गेले, मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. क्युक्युमिस म्हणजे काकडी, ओरायझी म्हणजे भाताचा. वंश नवा, प्रजातीही नवी. मात्र २०१८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा नावाआधी ‘कॅन्डिडेटस’ हा शब्द होता, म्हणजे उमेदवार. आदर्श वाण जमा करण्यासह सर्व अटी पूर्ण झाल्याशिवाय नियमानुसार पूर्ण नाव मिळत नाही.

मिथेन हा वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवणारा वायू आहे. पाणथळ जागा हा त्याचा सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आणि भातशेती हा मानवनिर्मित स्रोतांपैकी एक प्रमुख. चिखलात तयार होणारा मिथेन हवेत पोहोचण्याआधी त्याचा मोठा हिस्सा हेच जिवाणू फस्त करतात. कोणते जिवाणू कुठल्या मातीत, कुठल्या खतासोबत, किती पाण्यात चांगले काम करतात, हे शेतकऱ्याला सांगायचे असेल तर आधी त्यांना ओळखावे आणि वाढवता यावे लागेल. ‘मातीतले उपयुक्त जिवाणू’ एवढ्या मोघम शब्दावर सल्ला उभा राहत नाही.

वाढत नसलेल्या जिवाणूंचे काय करायचे, यावर शास्त्रज्ञांत उघड मतभेद आहेत. आता चिखलातला सगळा डीएनए एकत्र वाचून त्यातून एकेका जिवाणूचा जीनोम संगणकावर जुळवता येतो. अशा हजारो जीनोमचे धनी कुणी पाहिलेलेही नाहीत. त्यांना केवळ जीनोमच्या आधारे नाव देता यावे, अशी मागणी मूळ नियमांच्या समितीने फेटाळली. तेव्हा २०२२ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘सीक्वकोड’ नावाची वेगळी नियमावलीच सुरू केली. समर्थक म्हणतात, जे आहे पण वाढत नाही, त्याला अनामिक ठेवणे हा आडमुठेपणा झाला. विरोधक विचारतात, जीनोम चुकीचा जुळला असेल तर तपासणार कशावर? मिथायलोसेलाची आणि भातखाचरातल्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट या दुसऱ्या बाजूला बळ देते. खातो काय, मारतो की नाही, औषधाला दाद देतो का, याची खात्रीची उत्तरे अखेर जिवंत पेशीच देते.

नाव मिळाल्यावरही ते बदलू शकते. मेलिऑयडोसिसचा जिवाणू १९९२ पर्यंत स्यूडोमोनास वंशात होता. भारतीय शास्त्रज्ञांना वातावरणाच्या उंच थरांतून मिळालेला आणि आर्यभटाचे नाव दिलेला जिवाणू बॅसिलस वंशातून २०२० मध्ये प्रिस्टिया वंशात हलवला गेला. नवी माहिती आली की नोंद दुरुस्त होते. ते शक्य होते, कारण कुपीतला मूळ वाण पुन्हा काढून तपासता येतो.

पाणथळ जागांना मात्र अशी सोय नाही. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झाला. तरीही १९७० ते २०१५ या काळात जगातील सुमारे ३५ टक्के पाणथळ क्षेत्र नाहीसे झाल्याचा अंदाज आहे. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही ठिकाणे आज रामसर यादीत आहेत. त्याबाहेरच्या कित्येक तळ्यांवर आणि खाजणांवर भराव पडतो, तेव्हा पक्षी उडून गेलेले दिसतात, मासे मेलेले दिसतात. जिवाणूंची अशी काही निशाणी राहत नाही. लोणारचे जिवाणू जगतात ते तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याच्या जोरावर. सरोवरात गोडे पाणी किंवा सांडपाणी वाढत गेले आणि ते वैशिष्ट्यच विरळ झाले, तर त्यांच्या जागी इतर कुठल्याही तळ्यात आढळणारे जिवाणू येतील. इंडिबॅक्टर आणि सेसेम्बिया निदान संग्रहातल्या कुप्यांत उरतील. ज्यांच्यापर्यंत कुणाची सुई पोहोचलीच नाही, ते तिथे होते याची नोंदही कुठे असणार नाही.